त्रेपन्न सेकंदांची किंगरी

माझ्या लॅपटॉपवर ५३ सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. २०१४च्या दिवाळीतला. जागा घोडेगावच्या पुढे, आंबेगाव तालुक्यातलं आमचं घर, पुढचं अंगण. ओट्यावर आजी बसली आहे, समोर भगव्या मुंडाशातला एक म्हातारा माणूस किंगरी वाजवतो आहे. फोन तेव्हाचा, स्वस्तातला, त्यामुळे चित्र धुरकट. त्यात मी तो उभा धरलेला आणि हात हलतोय. किंगरीचा वरचा मोर दिसतो, बांबूचा दांडा दिसतो, वाजवणाऱ्याची डावी बोटं दिसतात. उजवा हात मात्र सारखा फ्रेमच्या बाहेर जातो. आणि पंधराव्या सेकंदाला माझाच आवाज येतो : "मांजर ओरडल्यासारखं वाजतंय ना!" मग माझं आणि चुलतभावाचं हसणं.

बराच काळ मी हा व्हिडिओ उघडला नव्हता. तो पुन्हा शोधावा लागला त्याला कारण एक फॉरवर्ड.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी एका दगडी मूर्तीचा फोटो टाकला. एक बाई, हातात लांबट वाद्य, त्यावर आडवी काठी. खाली लिहिलेलं : व्हायोलिन हे भारतीय वाद्य, पाच हजार वर्षांपूर्वी रावणाने शोधले, इंग्रजांनी चोरले. ग्रुपमध्ये लगेच दोन पार्ट्या पडल्या. मी अर्थातच 'आपलं आहे' या पार्टीत. उत्साहात लिहून बसले, "आमच्या जुन्नर भागात इतकी जुनी देवळं आहेत, एखादा पुरावा मीच आणते." सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणाऱ्या माणसाला शनिवार-रविवारी दगडातलं व्हायोलिन शोधणं काय अवघड, असं वाटलं होतं.

दोन वीकेंड चुलतभावाच्या बाइकवर मागे बसून फिरले. पहिल्यांदा चावंडच्या पायथ्यावरून पुरला, कुकडी नदीच्या उगमाजवळचं कुकडेश्वर. दुसऱ्या वेळी पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेकडेने खिरेश्वरला, नागेश्वराचं देऊळ. तिथून परत येताना पारुंड्याचा ब्रह्मनाथ. मधे लेण्याद्री आणि मानमोडीही झालं. जुन्नरभोवती दोनशेच्या वर लेणी आहेत, पण ती बहुतेक साधी. विहार, चैत्यगृहं, पाण्याची टाकी, दानाचे शिलालेख. ज्यांना नाचणारे-वाजवणारे बघायचे आहेत त्यांनी देवळांकडे जावं.

मी कीर्तिमुखं पाहिली, खांबांच्या डोक्यावर छत तोलून धरणारे पोट सुटलेले यक्ष पाहिले. एका देवळात एका झिजलेल्या आकृतीच्या हातात काठीसारखं काहीतरी दिसलं आणि मी ओरडलेच. भावाने मोबाइलचा टॉर्च मारून तिरप्या उजेडात बघितलं. "ताई, ही चवरी असंल." चवरीच होती बहुधा. गज काही सापडला नाही.

गज म्हणजे व्हायोलिन किंवा सारंगी ज्याने घासून वाजवतात तो. सगळा प्रश्न त्याच्यापाशी येतो. तंतुवाद्यं जगात फार जुनी आहेत. तार छेडायची कल्पना कुठेही सुचू शकते, शिकारीच्या धनुष्याची दोरी सोडताना कानाला ती ऐकू येतेच. पण तार *घासायची*, ती घासण्यासाठी केसांचा पट्टा ताणलेली दुसरी वस्तू करायची, त्या केसांना राळ लावायची, ही वेगळीच उडी आहे. आणि दगडावर ही उडी ओळखायची तर वाद्य बघून भागत नाही, गज दिसावा लागतो.

तो दिसत का नाही, हे मला घरी येऊन वाचायला लागल्यावर कळलं. ग. ह. तारळेकर आणि नलिनी तारळेकर यांनी १९७२मध्ये भारतीय शिल्पांतल्या वाद्यांवर एक पुस्तक काढलं होतं. अशा अभ्यासातून पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की 'वीणा' हा एकच शब्द दोन हजार वर्षं वेगवेगळ्या वाद्यांना चिकटत गेला आहे. आपल्याच जिल्ह्यात, भाज्याच्या विहारातल्या प्रसिद्ध शिल्पपटात नाचणाऱ्या बाईशेजारी जी वीणा वाजते आहे ती आजच्या वीणेसारखी नाहीच. वाकवलेलं लाकूड आणि त्यात ताणलेल्या तारा, म्हणजे हार्प. चौथ्या शतकातल्या समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा मांडीवर घेऊन वाजवतो तीही तशीच. पुढे हा प्रकार मागे पडला आणि दांड्याला भोपळा लावलेल्या वीणा आल्या.

दुसरी गोष्ट जास्त गंमतशीर. मध्ययुगात 'एकतंत्री' नावाची एका तारेची वीणा फार मानाची होती. तिच्यावर पडदे नसत. डाव्या हातात बांबूची एक छोटी कांडी धरून ती तारेवरून सरकवायची. तिला 'कम्रिका' म्हणत. आज गिटारवर स्लाइड फिरवतात तसंच. आता कल्पना करा : दगडात एक बाई, हातात लांब दांडा, आणि दांड्यावर टेकलेली एक काठी. आठशे वर्षांच्या पावसाने तारा, केस, बोटांची ठेवण सगळं धुऊन नेलं. ती काठी कम्रिका आहे, छेडायचा कोण आहे, की गज आहे? मूर्तिकाराला ते माहीत होतं. आपल्याला फोटोवरून ठरवायचंय.

तिसरं तर अगदी साधं, दगडाच्या कामातलं. मूर्तीतून बाहेर आलेली बारीक लांब वस्तू सगळ्यात आधी तुटते. नाक तुटतं, बोटं तुटतात, मग गज कसा टिकेल?

तरी काही ठिकाणांची नावं अभ्यासक घेतात. कर्नाटकात तिरुमकूडलु नरसीपूरचं अगस्त्येश्वर मंदिर, विजयवाड्याचं मल्लिकार्जुन मंदिर, चिदंबरमचं नटराज मंदिर. तिथे गजाने वाजणारं वाद्य कोरलेलं आहे असं म्हणतात. ही सगळी दक्षिणेतली, आणि मध्ययुगातली. पाच हजार वर्षांच्या जवळपासही नाहीत. रावणाचं म्हणाल तर वेरूळच्या कैलास लेण्यात तो आहेच, पण त्याचे सगळे हात डोंगर हलवण्यात गुंतले आहेत.

म्हणजे माझी पार्टी हरली होती. ग्रुपवर गप्प बसावं असं ठरवलं होतं, तेवढ्यात शार्ङ्गदेव भेटला.

खरं तर त्याचं नाव माहीत नसलेला शास्त्रीय संगीताचा विद्यार्थी सापडणार नाही, मलाच माहीत नव्हतं. शार्ङ्गदेवाचं घराणं काश्मीरचं. आजोबा भास्कर दक्षिणेत आले, वडील सोढल देवगिरीच्या यादवांच्या चाकरीत लागले. शार्ङ्गदेव स्वतः राजा सिंघण दुसरा याच्या दरबारी होता, म्हणजे साधारण १२१० ते १२४७ या काळात. आणि त्याचं पद काय? श्रीकरणाधिपती. हिशेबखात्याचा प्रमुख! दिवसा जमाखर्च बघायचा आणि उरलेल्या वेळात सात अध्यायांचा 'संगीतरत्नाकर' लिहिला. हे वाचल्यावर मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. दिवसाची नोकरी सांभाळून असलं काही करणारे लोक मला आवडतात.

सहाव्या अध्यायात वाद्यं आहेत. तो संगीतकारासारखं लिहीत नाही, हिशेबनिसासारखं लिहितो. किती अंगुळं लांब, किती जाड, कुठे भोक, कुठे दोरी. तारळेकरांनी संगीतरत्नाकर मराठीत आणला आहे, त्यामुळे माझ्यासारखीलाही त्यात शिरता येतं. तिथे 'पिनाकी' नावाची वीणा आहे. पिनाक म्हणजे शंकराचं धनुष्य. वाद्याचा आकारही धनुष्याचा, त्याला दोरी. खाली भोपळा ठेवायचा, तो पायांनी धरून ठेवायचा, वाद्याचं वरचं टोक खांद्याला टेकवायचं. आणि ते वाजवायचं दुसऱ्या, लहान धनुष्याने. त्या लहान धनुष्याची दोरी कशाची? घोड्याच्या शेपटीच्या केसांची. आणि तिला राळ चोळायची.

घोड्याचे केस आणि राळ. मी ते दोनतीनदा वाचलं. यात शंकेला जागाच नाही. दगडातली काठी काहीही असू शकते, पण शेपटीचे केस आणि राळ हे दोन शब्द एकत्र आले की ते वाद्य घासूनच वाजतं. आजचा व्हायोलिनवाला पुण्यातल्या दुकानात जाऊन रोझिनची डबी मागतो, ती हीच राळ. शिवाय शार्ङ्गदेवाने स्वतःच्या 'निःशंक' या बिरुदावरून एका वाद्याला 'निःशंकवीणा' असं नाव दिलंय, आणि तेही गजानेच वाजतं. हिशेबनिसाने वाद्याला स्वतःचं नाव देण्याइतका हा प्रकार त्याच्या जिव्हाळ्याचा असावा.

राळ का लागते हे इंजिनिअरला सांगायचा मोह आवरत नाही. नुसते केस गुळगुळीत; तारेवरून सरकून जातील. राळेने ते चिकट होतात, तार पकडून ओढत नेतात, ताण वाढला की तार निसटून परत येते, पुन्हा पकडली जाते. हे सेकंदाला शेकडो वेळा. तारेच्या हालचालीचा आलेख काढला तर करवतीच्या दातांसारखा दिसतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने हे १८६०च्या दशकात सूक्ष्मदर्शकातून बघून दाखवलं. छेडलेला स्वर लगेच विरायला लागतो. घासलेला स्वर गज चालेल तोवर टिकतो, माणसाच्या गळ्यासारखा. मांजरासारखाही, कोण ऐकतंय त्यावर अवलंबून.

मग हे देवगिरीत जन्मलं का? नाही. ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा माझ्याच पार्टीने मला बाहेर काढलं. पण कागद जे सांगतात ते असं : मध्य आशियातला तत्त्वज्ञ अल्-फाराबी, जो ९५०मध्ये वारला, तो तारांवरून दुसऱ्या तारा किंवा तसलंच काही ओढून वाजवायच्या वाद्यांचा उल्लेख करतो. माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ९२०-३०च्या सुमाराची एक स्पॅनिश पोथी आहे. तिच्यातल्या चित्रात वादक उभे आहेत आणि त्यांच्या हातात मोठे थोरले अर्धगोल गज आहेत, इतके मोठे की लपवायचं म्हटलं तरी लपणार नाहीत. चित्रकाराला नवीन वस्तूचं अप्रूप असावं असं मला ते बघून वाटलं. चीनमध्ये अकराव्या शतकात शन् क्वो 'घोड्याच्या शेपटीच्या' वाद्याबद्दल लिहितो. वर्नर बाखमान या जर्मन अभ्यासकाने १९६४मध्ये हे सगळं जुळवून मांडलं, की गजाची कल्पना दहाव्या शतकाच्या आसपास मध्य आशियातल्या घोडेस्वार लोकांकडून पसरली. ज्यांच्याकडे घोडे त्यांना केस सुचणार, हे पटण्यासारखं आहे.

आणि रावण? ती गोष्टही वाटते तितकी देशी नाही. म्हणजे रावणाच्या नावाचं वाद्य आहे, राजस्थानात रावणहत्था आजही वाजतो, आणि 'रावणहस्त' हे नाव बाराव्या शतकाच्या आगेमागे मिथिलेच्या नान्यदेवाच्या ग्रंथात येतं. पण 'जगातलं सगळं गजवाद्य रावणापासून' हा सिद्धान्त पसरवला युरोपियनांनी! सोनेरा नावाच्या प्रवाशाने १७८२मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात या वाद्याची ओळख करून दिली, आणि १८५६मध्ये फेतिस या संगीत-इतिहासकाराने व्हायोलिन बनवणाऱ्या स्त्रादिवारीवरच्या पुस्तकात लिहून टाकलं की गजाचं मूळ भारतात. आमच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड म्हणजे या युरोपियन मालाची परत आयात. योप बोर या डच सारंगीअभ्यासकाने मुंबईच्या एनसीपीएच्या नियतकालिकात १९८७मध्ये सारंगीच्या इतिहासावर मोठं काम छापलं. ज्यांना या वादात खरंच रस आहे त्यांनी फॉरवर्डऐवजी ते वाचावं.

मला मात्र 'पहिलं कोण' यापेक्षा दुसरंच काहीतरी टोचायला लागलं होतं. घोडे कुठून आले?

दख्खनमध्ये चांगले घोडे पैदा होत नसत. ते अरबस्तान-इराणहून जहाजांनी यायचे. मार्को पोलो तेराव्या शतकाच्या शेवटी ठाण्याबद्दल लिहितो, की तिथल्या राजाने समुद्री चाच्यांशी करार केलाय : बाकी लूट तुमची, घोडे माझे. यादवांचाच तो काळ. आणि कोकणातून वर देशावर यायची जुनी वाट म्हणजे आमचा नाणेघाट. तिथे सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती, घोडे यांची यादी आहे. म्हणजे घोडा हा हजाराहून जास्त वर्षं आधीपासून मोजून-मापून, लेखात कोरून ठेवण्याची वस्तू. यादवांच्या पागेतले काही घोडे नाणेघाट चढून जुन्नरमार्गे देवगिरीला गेले असतील का? हा माझा अंदाज, पुरावा नाही. पण नाणेघाटाच्या फरशीवर बसून वडापाव खाताना, शेपट्या हलवत वर येणारी ती रांग मला दिसली खरी.

आता किंगरी.

हे नाव 'किन्नरी'वरून आलं असावं. शार्ङ्गदेवाकडे किन्नरी वीणा आहे, पण ती छेडायची, पडद्यांची. जायसीच्या 'पद्मावत'मध्ये, १५४०मध्ये, राजा रत्नसेन राज्य सोडून जोगी होतो तेव्हा हातात किंगरी घेतो. अबुल फजल 'आईने अकबरी'त किंगरीला वीणेसारखं पण दोन तातींचं वाद्य म्हणतो, आणि सारंगीबद्दल स्वतंत्रपणे सांगतो की ती रबाबापेक्षा लहान आणि घिचकासारखी, म्हणजे गजाने वाजते. मग कधीतरी, कुठेतरी, जोग्याच्या हातातल्या किंगरीला गज लागला. नाव तेच राहिलं. महाराष्ट्रात ती नाथपंथी जोग्यांकडे आहे, विदर्भातल्या गोंडांचे भाट असलेल्या परधानांकडे आहे, आणि डक्कलवारांकडे आहे. डक्कलवार मातंग समाजाच्या वंशावळी आणि पुराणकथा किंगरीवर सांगतात. जातीच्या उतरंडीत त्यांना इतकं खाली ढकललेलं, की ज्यांच्या कथा सांगायच्या त्यांच्याही वस्तीबाहेर उतरायचं.

मी दोन वीकेंड देवळाच्या भिंतींवर गज शोधत होते. ज्यांच्या हातात तो होता त्यांतल्या अनेकांना त्या भिंतीपर्यंत येऊही दिलं नसतं. मूर्तिकार दरबारी वीणा कोरायचा, अप्सरांचे मृदंग कोरायचा. उकिरड्यापलीकडे पाल ठोकून बसलेल्या माणसाचं वाद्य कोण कोरणार? आणि ते वाद्य केलेलं कशाचं? बांबू, नारळाची कवटी किंवा भोपळा, कातडं, केस. यातलं काहीच शंभर वर्षं टिकत नाही. वाजवणारा मेला की एक-दोन पावसाळ्यांत संपलं.

म्हणून तो व्हिडिओ शोधला.

आजीच्या अंगणात तो माणूस दरवर्षी सुगी संपली की यायचा. आजी त्याला 'नाथबाबा' म्हणायची, तो तिला 'माई'. गोपीचंदाची गोष्ट सांगायचा. आई मैनावती त्याला जोगी व्हायला सांगते त्या भागाशी आला की आजी पदर डोळ्यांना लावायची, दरवर्षी, त्याच ठिकाणी. मग सुपातून बाजरी, कधी जुनं लुगडं. त्याचं नाव आम्हांला कोणालाच माहीत नाही. आजी २०१७मध्ये गेली. त्यानंतर तो आला का, हे वडिलांनाही आठवत नाही. मागच्या वर्षी मी बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात जाऊन विचारलं. घुंगरं-कासरे विकणारे एक काका म्हणाले, "आता कोन वाजवतंय? ब्लूटूथचा स्पीकर गळ्यात आडकावून येत्यात." मी घोडेगावला, मंचरला विचारलं. लोकांना आठवत होतं की कोणी तरी यायचं. कोण, कुठलं, ते नाही.

तर उरले हे ५३ सेकंद. मी मोजलं : त्यांत गज पूर्ण दिसतो असे फक्त ११ सेकंद आहेत. आवाज वेगळा काढला, फिल्टर लावले, माझं हसणं शक्य तितकं दाबलं. स्पेक्ट्रोग्राममध्ये मूळ स्वर आणि वर शिडीसारखे त्याचे पट दिसतात, हेल्महोल्ट्झने सांगितल्यासारखे. माझं हसणं पूर्ण जात नाही. ते किंगरीच्याच पट्टीत आहे, त्याला कापलं की तीही कापली जाते.

पण ते दाबल्यावर, चांगला हेडफोन लावून ऐकताना, शेवटी काहीतरी बोलणं ऐकू आलं. वाजवणं थांबलंय, तो गज मांडीवर ठेवून राळेचा खडा केसांवर फिरवतोय, हे चित्रात अर्धवट दिसतं. आजी विचारते, "नाथबाबा, ह्ये केस कशाचं?"

"घोड्याचं, माई. शेपटीचं."

"आन् घोडं कुठं ऱ्हायलंय आता?"

"लग्नाच्या वरातीचा घोडेवाला हाय वळखीचा. उपटू देत न्हाई. खरारा करताना गळतील त्ये ठिवतो माझ्यासाठी."

मग आजी काहीतरी म्हणते, ते कळत नाही, कारण तेवढ्यात मला फोन आला आणि रेकॉर्डिंग बंद झालं.